हेराल्डचे ब्रेक

एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवायला लागून आता सोळा-सतरा वर्षे झाली. दरवर्षी साधारण त्याच तासाला तोच प्रश्न येतो. "सर, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, म्हणजे नेमकं काय केलं?" मी शके १५०६ फळ्यावर लिहितो, त्याखाली इ. स. १५८४ लिहितो. लेखनिकांच्या हातून शिरलेली अशुद्धे, पाठांतरातून घुसलेले शब्द, मग नाथांचे संशोधन, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये ही त्यांची ताकीद, हे सगळे क्रमाने सांगतो. नंतर राजवाडे येतात. त्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जो पाठ छापला, त्याने 'मूळ' या शब्दाविषयीचा आपला सगळा आत्मविश्वास कसा ढिला केला, तेही सांगतो. तास संपतो. दोन वर्षांपूर्वी हा तास घेत असताना माझे निम्मे लक्ष मात्र आमच्या जुन्या शेडमध्ये जॅकवर उभ्या असलेल्या एका गाडीच्या पुढच्या चाकांत अडकले होते. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच, आपण शिकवतो आहोत ते आपल्याला कळते आहे की नाही, अशी शंका मला चाटून गेली.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. साठच्या दशकातली, अण्णांनी तिसऱ्या का चौथ्या हाताची घेतलेली. आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक नसते. त्यांच्या डोळ्यांपुढे जुनी गाडी म्हणजे पद्मिनी किंवा अँबॅसडर. हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची. १९५९ साली तिकडे आली, रेखाटन जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचे. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती बनवली आणि दहाएक वर्षांनी थांबवली. इंजिन ९४८ सीसीचे. वळायला इतकी चपळ की पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरते. बोनेट पुढच्या मडगार्डांसकट सबंध उघडून पुढे झुकते, एखाद्या मगरीने जबडा वासावा तसे. भिवंडीच्या गल्लीत ते उघडले की पोरे जमत. आम्हां भावंडांना त्याचा फार अभिमान असे.

तिची खरी मौज मला फार उशिरा कळली. हिच्याच सांगाड्यावरून, तो आखूड करून, ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार काढली. वजन सुमारे सातशे किलो. जगभरचे हौशी लोक आजही जिच्यावर जीव टाकतात, ती ही. म्हणजे आमच्या शेडमधली पोक्त, प्रपंची बाई एका नामांकित नर्तकीची सख्खी थोरली बहीण निघाली. दोघींची हाडे एकच, फरक पायांत. स्पिटफायरला पुढे नऊ इंची डिस्क ब्रेक होते. आमच्या हेराल्डला चारही चाकांना ड्रम. आणि सांगाडा एकच असल्यामुळे धाकटीचे पुढचे ब्रेक थोरलीला चढवता येतात. हे मला कळले आणि मग मन स्वस्थ बसेना.

त्याचे कारण १९९१च्या मे महिन्यात आहे.

नाशिकचे लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. अण्णा गाडी चालवत होते, शेजारी आई, मागे मी, धाकटी बहीण आणि आहेराची गाठोडी. कसारा घाट उतरताना आधी जळका वास आला. आई म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. मग अण्णांचा उजवा पाय दोनदा, तीनदा खाली गेला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी मागून फरफटली, आणि त्यांनी ती डोंगराच्या अंगाला घातली. डावा मडगार्ड दगडांवर घासत घासत आम्ही थांबलो. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढे मला तेव्हाही कळले. आईचा डावा कोपर मोडला. तो पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही. आम्हां दोघांना खरचटलेदेखील नाही.

त्यानंतर घरात ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली गेली. सांगणारी आई. आल्यागेल्याला चहा देताना कोपराकडे नजर गेलीच तर ती हसून म्हणायची, "अहो, ब्रेकनं दगा दिला. यांनी डोंगरावर घातली म्हणून आज आम्ही आहोत." अण्णा तिथे असले तर उठून आत जायचे. आम्ही तो त्यांचा विनय समजत असू. गाडी दुरुस्त झाली, काही वर्षे वंजारपट्टी नाका ते बाजारपेठ एवढीच हिंडली, आणि नंतर शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. अण्णांचे तेव्हा बारा माग होते. पुढे ते आठ झाले, मग चार, आणि शेवटी शेड भाड्याने गोदामाला गेली, एक कोपरा सोडून. त्या कोपऱ्यात हेराल्ड होती.

आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी ताडपत्री काढली. गाडी पुन्हा चालती करायची, पण आधी ब्रेक बदलायचे, असे ठरवले. यात थोडा सूडही होता. निर्जीव वस्तूवर सूड उगवण्यात एक प्रकारची निर्धास्तता असते.

कल्याण नाक्यापाशी एक गॅरेज आहे. तिथले चाचा पूर्वी मागांचेच काम करत. धोट्यांचा खडखडाट कमी झाला तसे मोटारींकडे वळले. सत्तरीतले गृहस्थ. मला 'प्रोफेसरसाब' म्हणतात आणि माझ्या अज्ञानाचा उल्लेख चुकूनही करत नाहीत. मी त्यांना माझा बेत सांगितला. इंग्लंडमध्ये नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी स्पिटफायरचे जुने डिस्क, कॅलिपर आणि ते ज्यांवर बसतात ते पुढचे उभे खांब पाठवायला तयार होता. चाचांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "लावून देतो सर. पण आधी जुनं काय म्हणतंय ते बघू."

हे वाक्य मी पाठचिकित्सेच्या वर्गात सांगायला हवे होते. सोळा वर्षे सांगितले नाही.

इथे थोडे थांबून ब्रेक म्हणजे काय ते पाहू. तंत्रज्ञानाची धास्ती असलेल्या वाचकांनी भिण्याचे कारण नाही, मीही त्यांच्यातलाच. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ डबा असतो आणि आतून दोन अर्धचंद्राकृती शू त्यावर दाबले जातात. गंमत अशी की फिरणारा डबाच त्यांतल्या एकाला आपल्याबरोबर ओढतो, तो आणखी आवळला जातो. त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. दोष उष्णतेत आहे. डबा तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. आतली उष्णता कोंडते, लायनरची पकड सुटत जाते. डिस्कमध्ये सगळे उघड्यावर. लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा; तबकडी तापून फुगली तर चिमट्याकडेच येते, आणि वारा तिला निववतो. मात्र स्वतःहून आवळले जाण्याची सोय तिथे नाही, म्हणून पाय अधिक जोराने दाबावा लागतो. ड्रमचा शोध लुई रेनॉचा आणि डिस्कचे पेटंट इंग्लंडच्या लँचेस्टरचे; दोन्ही १९०२ चे. दोन जुळे पाठ, एक लगेच रूढ झाला, दुसरा पन्नास वर्षे बासनात राहिला. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क लावून पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हा कुठे जगाने मान वळवली.

आणि थांबणे म्हणजे तरी काय, तर गतीची उष्णता करणे. आमची गाडी, आम्ही चौघे आणि आहेर धरून हजार किलो समजू. ताशी ८० किलोमीटर वेगातून पूर्ण थांबताना ब्रेकमध्ये सुमारे अडीच लाख ज्यूल उष्णता जाते. त्याच गाडीने डोंगर नुसता शंभर मीटर खोल उतरला, वेग न वाढवता, तर दहा लाखांच्या आसपास ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. म्हणजे चार वेळा ८०वरून थांबण्याइतके. गाडी गियरमध्ये असेल तर त्यातला चांगला वाटा इंजिन ओढून घेते. नसेल तर सगळे त्या चार डब्यांवर.

मी हा हिशेब तेव्हा केलेला नव्हता. चाचांना तो करायची गरजच नव्हती.

त्यांनी पुढचा डावा ड्रम उतरवला आणि उन्हात नेऊन धरला. आतल्या पृष्ठभागावर निळसर काळे डाग होते आणि केसासारख्या बारीक भेगांची जाळी. लायनर काचेसारखा गुळगुळीत. मग त्यांनी व्हील सिलिंडर उघडले, रबर पाहिले, पाइप पाहिला. गळती कुठेच नव्हती. ब्रेक ऑईल मात्र चहासारखे झाले होते. हे तेल हवेतली ओल पीत राहते. नवे डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पाणी प्यालेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबले जात नाहीत. भिवंडीच्या पावसाळ्यात या तेलाचे काय होत असेल ते सांगायला नको.

"फेल नाही झाला हा," चाचा म्हणाले. "थकला. याला कुणी तरी पूर्ण घाट न्यूट्रलवर उतरवलंय, सर. पेट्रोल वाचवायला. तेव्हा सगळेच करायचे."

मी म्हटले, "अण्णा तसं करणार नाहीत." चाचांनी ड्रम फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला आणि दुसऱ्या चाकाकडे वळले.

तो ड्रम महिनाभर माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांशेजारी पडून होता. आम्ही साहित्याची माणसे पुराव्याविषयी खूप बोलतो, पण पुरावा घरातला असला की आमचे हात थरथरतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी गाडी ओढून भिवंडीला आणणाऱ्याने म्हटले होते की ब्रेक तर लागतायत. हे मला आठवू लागले. आई तेव्हा त्याच्यावर खेकसली होती. निवलेले ब्रेक लागणारच. ते वाक्य घरातल्या कथेत कुठे बसत नव्हते, म्हणून आम्ही सर्वांनी ते गाळले होते.

अखेर एका संध्याकाळी मी ड्रम अण्णांपुढे ठेवला. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू जरा कमी येते, पण वस्तू हाताने वाचायची मागवाल्याची सवय सुटलेली नाही. त्यांनी आतून अंगठा फिरवला. भेगांवर तो थबकला.

"न्यूट्रल होती?" मी विचारले.

"इगतपुरीपासूनच." मग बऱ्याच वेळाने, "सुताचे पैसे थकले होते तेव्हा. लिटर-अर्धा लिटर वाचेल म्हणून."

"आईला माहीत होतं?"

"ती शेजारीच तर बसली होती." त्यांनी ड्रम उपडा केला. "गियरचा दांडा तिच्या गुडघ्याशी. तिला नाही दिसणार?"

यावर मी काही बोललो नाही. तीस वर्षे ती पाहुण्यांसमोर एक विशिष्ट पाठ म्हणत आली होती आणि त्यातला एकही शब्द तिने कधी बदलू दिला नव्हता. अण्णा उठून आत जायचे, ते का, ते आता कळले.

मग ब्रेक बदलायचे की नाही? दोष ब्रेकचा नव्हताच, तर सूड कुणावर? कायदाही मी पाहून घेतला. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या पाटीखाली नोंदवता येते. मूळ स्वरूप म्हणजे काय, तर चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसणे. ब्रेकचा त्या ओळीत उल्लेख नाही. मला हे वाचून हसू आले. ज्याच्यावर चौघांचा जीव टांगलेला असतो, ते संहितेच्या व्याख्येतच नाही! अर्थात तशी पाटी घेतली की गाडी रोज चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, इतकेच. आम्ही ती घेतली नाही.

अण्णांचे मत स्पष्ट होते. "आहे ते नीट करून घे. नवं कशाला?" त्यांच्या आवाजात मला वेगळेच काही ऐकू आले. ब्रेक बदलले तर जणू आईचीच गोष्ट खरी ठरली असती; दगा ब्रेकने दिला, म्हणून ब्रेक हाकलले. त्यांना ती सूट आता नको होती.

चाचांचे मत याच्या उलट. मागावर बीमला साखळी आणि वजने लावून ताण धरलेला असतो. वजन कमी पडले तर कापड ढिले, जास्त झाले तर सूत तुटते. ते म्हणाले, "पुढे डिस्क लावले आणि मागे तसंच ठेवलं, असं चालत नाही. ताण सगळीकडे बघावा लागतो." हेराल्डच्या बाबतीत हे जरा जास्तच खरे आहे. हिचा मागचा ॲक्सल एकसंध नाही. मधोमध सांधलेले दोन अर्धे दांडे, वर आडवा पाट्यांचा स्प्रिंग. पुढचे ब्रेक करकचून लागले की गाडीचे नाक दबते, शेपूट उचलते, आणि मागची चाके खालून आत मुडपतात. टायर कडेवर उभे राहतात. वळणावर असे झाले तर मागची बाजू सुटते. म्हणजे चांगले ब्रेक या गाडीला अधिक धोक्यातही घालू शकतात. म्हणून मागचे व्हील सिलिंडर लहान व्यासाचे हवेत, टायर नवे हवेत, पाटे बसलेले नकोत. एक शब्द बदलला की वृत्त सांभाळायला सबंध ओळ पुन्हा पाहावी लागते, हे आम्हांला शिकवायला मेकॅनिक लागू नये, पण लागला.

त्या दिवसांत मी रात्री ले मान्सविषयी वाचत असे. १९५३ची कथा विजयाची. १९५५ची तशी नाही. ११ जूनच्या संध्याकाळी डिस्क ब्रेकच्या जॅग्वारमधल्या माइक हॉथॉर्नने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटमध्ये जाण्यासाठी लगेच वेग तोडला. मॅकलिन त्याला चुकवायला डावीकडे आला. मागून भरधाव येणाऱ्या पिएर लेव्हेच्या मर्सिडीझला थांबायला जागाच उरली नाही. त्या गाडीला ड्रम ब्रेक होते, मदतीला पाठीवर उघडणारी हवेची झडप. लेव्हे आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. ब्रेकचा प्रकार हेच कारण, असे कुणी म्हणू नये. मॅकलिनच्या गाडीलाही डिस्कच होते, रस्ता अरुंद होता, पिट उघड्यावर होते. चौकशीत कुणा एका चालकावर ठपका ठेवला गेला नाही. पण वाचताना मला सारखे वाटत राहिले की आपण किती लवकर थांबू शकतो, हा प्रश्न आपल्या मागच्या माणसाचाही असतो. राजणोली नाक्यावर वीस टनांचा कंटेनर पाठीशी घेऊन गाडी चालवणाऱ्या भिवंडीकराला हे समजायला फ्रान्सला जावे लागत नाही, हेही खरे.

शेवटी डिस्क लागले. वाद घालून नाही, अण्णा एका सकाळी गॅरेजमध्ये येऊन बसले, चाचांचे काम दोन तास बघत राहिले, आणि जाताना म्हणाले, "जुने टाकू नका." चारही ड्रम, शू आणि सिलिंडर ग्रीस लावून, कापडात बांधून, कोणत्या चाकाचे ते लिहून एका पेटीत ठेवले आहेत. मागे अर्थातच ड्रमच आहेत, दुसरे, नव्या लायनरचे. मागचे सिलिंडर लहान व्यासाचे बसवले. नळ्या नव्या, तेल डॉट ४. ते दर दोन पावसाळ्यांनी बदलायचे, असे चाचांनी मला वहीत लिहायला लावले. पहिल्यांदा हवा काढताना पेडल दाबायला मीच बसलो होतो. "दाबा... धरून ठेवा... सोडा." चाळीस वेळा. इतक्या आज्ञाधारकपणे मी कुठल्याच प्राध्यापकाचे ऐकले नसेन.

पेडल पूर्वीपेक्षा जड झाले आहे. अण्णांनी एकदा दाबून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे कसारा चढून इगतपुरीला गेलो. खरे तर आता घाटाची गरज राहिलेली नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे आमच्याच तालुक्यात. बोगद्यातून माणूस डोंगराच्या पोटातून सरळ निघून जातो. पण अण्णा म्हणाले, घाटानेच. घाटनदेवीपाशी थांबलो. त्यांनी हात जोडले, तेवढ्या वेळात मी टायरांवर हात फिरवून घेतला.

उतार लागण्याआधी मी गाडी तिसऱ्या गियरमध्ये घेतली, पुढच्या वळणाआधी दुसऱ्यात. इंजिन घुमू लागले. अण्णांची नजर दांड्यावर होती. तो आता त्यांच्या गुडघ्याशी होता. पहिल्या मोठ्या वळणाला ब्रेक दाबले, गाडीने नाक खाली घातले, आणि ती सरळ राहिली. दुसऱ्यालाही. वास आला नाही. डोंगराची ती बाजू मी ओळखायचा प्रयत्न केला. रस्ता इतका बदलला आहे की जागा सापडली नाही. अण्णांना विचारावेसे वाटले, पण ते पुढे बघतच नव्हते. सीटवर अर्धवट वळून, मागच्या काचेतून, आमच्या पाठीवर उतरणाऱ्या ट्रककडे पाहत होते.

"अंतर ठेवून आहे तो," ते म्हणाले. "तू सावकाश घे."